बुरशीचा बंदोबस्त

सोलापूर सोडून आग्नेयेस निघालेली आगगाडी ज्या स्थानकात विजापूर-गदगकडे जाणाऱ्या फाट्याचा निरोप घेते, आणि १८८४ साली सदर्न मराठा रेल्वेने गदगपासून आणून भिडविलेल्या मीटरगेज मार्गामुळे ज्याच्या नावापुढे जंक्शन ही पदवी चढली, त्या होटगीत पाणी ही मोजून वापरावयाची वस्तू आहे, हे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असते. वर्षाकाठी साधारणतः साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही नियमाने पडला तर. आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाऊन तेथेच मुक्काम ठोकणार, हा या मुलखाचा शिरस्ता. अशा ठिकाणी दारी आलेल्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या द्यावा, मग नावगाव विचारावे, ही रीत पडली तर नवल नाही. परंतु हाच आदरसत्कार माणूस जेव्हा नुकत्याच खोवलेल्या कलमाला करू लागतो, सकाळी तांब्याभर, दुपारी ऊन फार म्हणून पुन्हा तांब्याभर, आणि संध्याकाळी दिवसभर बिचारे तापले म्हणून आणखी थोडे, तेव्हा ते कलम तहानेने नव्हे तर पाहुणचाराने मरते, आणि त्याच्या अंगावर पांढरी-करडी लव धरते. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या या कोरड्या जिल्ह्यात जितकी कलमे पाण्यावाचून वाळली असतील, त्याहून अधिक पाणी पाजून मारली गेली आहेत.

हे मी परक्याच्या अनुभवावरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणात, बाहेर ढगाळ हवा आहे, रोपे लावण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता, असा विचार करून मी डाळिंबाच्या, गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या फांद्या छाटून आणल्या, बाजारातून कोकोपीटची वीट आणली, ती पाण्यात फुगवून तशीच चिंब अवस्थेत उथळ ट्रेमध्ये भरली, तीत फांद्या खोवल्या, आणि ओलावा टिकावा म्हणून वरून प्लॅस्टिकचा कागद असा काही घट्ट ताणून बांधला की लोणच्याच्या बरणीचा दादरासुद्धा त्यापुढे सैल ठरावा. आठवड्याने कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे मोतीच मोती लटकलेले पाहून मला मोठा आनंद झाला होता. दहाव्या-बाराव्या दिवशी कागद काढला तो आतून कुबट वास आला. गुलाबाच्या पानांवर करडी मऊ साय पसरली होती, जास्वंदीचे बुडखे काळे पडून बोटाने दाबताच सोलत होते, आणि डाळिंबाच्या काड्या वरून हिरव्या पण खालून मेलेल्या होत्या. मातीत रोग असतात म्हणून मी माती टाळली होती. मग ही बुरशी आली कोठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि पुढील सर्व विवेचन त्या एका प्रश्नाच्या पाठीमागे लागल्यामुळे जमलेले आहे.

माती टाळण्याचा विचार मात्र चुकीचा नव्हता. डाळिंबाच्या मुलखात तर तो आता चैनीचा विषय राहिलेला नाही. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि पुणे रस्त्यावर केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. पण त्याच डाळिंबाच्या पाठीमागे तेल्या आणि मर हे दोन यमदूतही लागलेले आहेत. तेल्या हा जीवाणूजन्य रोग १९५२ मध्ये दिल्लीकडे प्रथम नोंदला गेला आणि या शतकाच्या आरंभी त्याने महाराष्ट्रातील बागाच्या बागा मोडून काढल्या. मर रोगाची बुरशी मातीत दबा धरून राहते व मुळातून शिरते. दोहोंच्या प्रसारात रोगट रोपांचा आणि रोपाबरोबर येणाऱ्या मातीचा वाटा मोठा आहे. डाळिंब बियांपासून लावता येत नाही असे नाही, पण बियांचे झाड आईवर जाईलच याची हमी नसते. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात डॉ. चिमा यांनी जे एक झाड निवडले आणि ज्याला पुढे गणेश हे नाव मिळाले, त्या वाणाचे आज कोठेही उभे असलेले झाड म्हणजे वस्तुतः त्या एकाच झाडाची दूर गेलेली फांदी होय. गुटी कलम, छाट कलम आणि अलीकडची ऊतिसंवर्धित रोपे, हे त्या फांदीचे प्रवासाचे तीन मार्ग. पैकी छाट कलम सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपे, आणि मुळे फुटेपर्यंतच्या काळात सर्वांत निराधार.

निराधार हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. झाडावरील फांदीच्या पाठीशी मुळांचा सारा संसार असतो. तिला जखम झाली तर झाड तेथे रस पाठविते, साल पुढे सरकविते, जखम बुजविते. छाटलेल्या काडीजवळ साठविलेल्या पिष्टाची एक बेताची शिदोरी असते, आणि तेवढ्या शिधासामग्रीवर तिला तळाची उघडी जखम बुजवावयाची असते, तेथे पेशींची गाठ बांधावयाची असते, आणि त्या गाठीतून किंवा तिच्या आसपासच्या सालीतून नवी मुळे काढावयाची असतात. या सर्व उद्योगाला जातीप्रमाणे तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर तिची स्थिती तटबंदी अर्धवट बांधलेल्या गढीसारखी असते. बुरशी आणि काडी यांच्यामध्ये ही शर्यत असते, आणि आपण जे जे करतो त्याने यांपैकी कोणाचा तरी वेग वाढतो.

बुरशी हा शब्द आपण सरसकट वापरतो. आमच्याकडे एका गल्लीत मराठी, दुसरीत कानडी आणि शहरातील विणकर वस्तीत तेलुगू बोलली जाते. कानडीत आणि तेलुगूत तिला बूजु म्हणतात, आणि तेथेही भाकरीवरचा बूजु वेगळा, भिंतीवरचा वेगळा असा भेद सहसा कोणी करीत नाही. शास्त्रज्ञांनी मात्र या प्रजेची जमाबंदी फार बारकाईने केली आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, अजरेकरांच्या नावाने बुरशींचे एक वनस्पतिसंग्रहालयच जतन केले आहे, आणि भारतीय वनस्पतिरोगशास्त्राच्या परिषदेचे १९४७ मधील संस्थापक मुंडकूर यांनी बुरशी आणि वनस्पतिरोग या विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ एका पिढीच्या विद्यार्थ्यांचा आधार होता. आपल्या ट्रेमधील बुरशीपुरते बोलावयाचे तर तीन जमाती ओळखता आल्या म्हणजे पुरे. पहिली, माध्यमाच्या पृष्ठभागावर कापसासारखी पसरणारी पांढरी बुरशी. ही बहुधा मेलेल्या काष्ठांशावर जगणारी, जिवंत काडीच्या वाटेस सहसा न जाणारी. दुसरी, पानांवर करडी धूळ धरणारी बोट्रायटिस, किंवा आमच्या उष्ण हवेत तिच्याहून अधिक आढळणाऱ्या, काडीचे बूड वा शेंडा काळा करीत चालणाऱ्या बुरशी. या जखमेतून शिरतात. तिसरी पिथियम, जी डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. तिला आपण बुरशी म्हणतो खरे, परंतु वर्गीकरणात ती आता खऱ्या बुरशींच्या बिऱ्हाडातून काढून शैवालांच्या जवळच्या नातलगांत बसविली गेली आहे. तिचे बीजाणू दोन चाबकांसारख्या शेपट्या हलवीत पाण्यातून अक्षरशः पोहत जातात. ट्रेमध्ये पाणी साठले म्हणजे आपण तिच्यासाठी कालवा खोदून दिला असे समजावे.

येथे आपण मूळ कारणाशी येऊन पोहोचतो. पेशींची गाठ बांधावयाची तर श्वसन हवे, श्वसनासाठी प्राणवायू हवा, आणि प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो पाण्यातून पसरतो. माध्यमाच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की काडीच्या तळाशी जी जखम आहे ती गुदमरते. गुदमरलेल्या पेशी फुटून त्यांतील साखर बाहेर झिरपते. आणि तो वास लागताच सारी पाहुणेमंडळी जमा होतात. म्हणजे बुरशीने काडी मारली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळ वेळा काडी आधी मरणपंथाला लागलेली असते आणि बुरशी केवळ पंचनाम्यास आलेली असते.

ट्रेच्या खोलीचा या गोष्टीशी किती निकट संबंध आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने घरातील भांडी पुसण्याचा स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरावा. पाणी गळावयाचे थांबले की तोच स्पंज न दाबता उभा करावा. पुन्हा पाण्याची धार लागते. स्पंज तोच, छिद्रे तीच, पण उंची वाढताच वजनाने पाणी खाली ओढले गेले. कुंडीच्या किंवा ट्रेच्या तळाशी असाच एक चिंब थर नेहमी शिल्लक राहतो, आणि त्याची जाडी माध्यमाच्या बारीकपणावर अवलंबून असते, भांड्याच्या उंचीवर नव्हे. उथळ ट्रेमध्ये तो थर काडीच्या जखमेपर्यंत पोहोचतो, खोल पिशवीत तो जखमेच्या बराच खाली राहतो. माझ्या श्रावणातील पराभवाचे अर्धे रहस्य या एका स्पंजात होते. निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालावेत, ही जी पिढीजात वहिवाट आहे तीही या हिशेबात उलटी पडते. कारण बारीक माध्यमातील पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून बसते, आणि चिंब थर तेवढाच वर सरकतो. खडी घालावयाची तर ती तळाशी नको, सर्व माध्यमात मिसळलेली हवी.

कोकोपीट हे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारे भुसकट. आपल्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी ते धरून ठेवते, आणि पाच किलोंच्या दाबलेल्या विटेतून सुमारे सत्तर लिटर भुसकट फुगून निघते, हे त्याचे गुण; पण पाणी धरण्याचा गुण होटगीच्या उन्हात जितका उपकारक तितकाच बंद झाकणाखाली अपकारक. शिवाय किनारपट्टीवर सोडणे खाजणाच्या मचूळ पाण्यात कुजविण्याची प्रथा असल्याने त्यात मीठ राहते. म्हणून वीट फुगविल्यावर ती दोन-तीन पाण्यांनी धुवावी, निथळू द्यावी, आणि मग मुठीत घेऊन दाबून पाहावी. बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब आला तर माध्यम कलमास योग्य झाले. धार लागली तर ते अजून चिंब आहे, पसरून ठेवावे. या मुठीच्या परीक्षेएवढे भरवशाचे यंत्र मला आजवर मिळालेले नाही. त्यानंतर त्यात तितक्याच मापाचे परलाइट मिसळावे. परलाइट म्हणजे ज्वालामुखीतून आलेली एक काच. तिला साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापविले की तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ती नागपंचमीच्या लाहीसारखी फुलते. आमच्या पायाखालचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो फुलत नाही, त्याला काय करणार! परलाइट महाग वाटल्यास जाड वाळू धुऊन वापरावी, हे मी पूर्वी निःशंकपणे सांगत असे. परंतु सीना-भीमेच्या वाळूचे लिलाव, ठेके आणि दंड यांचे प्रकरण आता असे काही वाढले आहे की घमेलेभर वाळूसाठी माणसाने मामलेदार कचेरीचा रस्ता धरावा हे मला सुचवावेसे वाटत नाही. धुतलेला विटांचा जाड चुरा चालतो. बारीक पूड चालत नाही, कारण ती पुन्हा पोकळ्या बुजविते.

आता निर्जंतुक करण्याचा प्रश्न. पुष्कळ लोक कोकोपीट निर्जंतुक असते असे समजतात. ते मातीच्या मानाने स्वच्छ असते इतकेच. उघड्यावर ढिगात पडून राहिलेले, कुत्र्या-कोंबड्यांच्या पायांखालून गेलेले भुसकट बीजाणूंनी भरलेले असू शकते. यावर स्वाभाविक उपाय सुचतो तो उष्णतेचा, आणि माणसाचा स्वभाव असा की एकदा तापवावयाचे ठरले की तो उकळ्या फुटेपर्यंत तापवितो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील केनेथ बेकर यांनी १९५७ साली संपादिलेल्या रोपवाटिकांच्या विख्यात पुस्तिकेपासून जी विचारधारा सुरू झाली, तिने या अतिरेकावर बोट ठेवले. साठ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास दिली तर रोगकारक बुरशींपैकी बहुतेक सर्व मरतात, पण उपकारक सूक्ष्मजीवांपैकी काही टिकाव धरतात. शंभर अंशांवर जवळजवळ सगळेच मरतात, आणि ओसाड पडलेल्या गावात जो पहिला शिरेल तो पाटील, अशी अवस्था होते. याचे एक नेत्रदीपक उदाहरण उसाच्या मुलखात पाहावयास मिळते. कर्नाटकातील जाळलेल्या उसाच्या रानांत बुडख्यांवर जी नारिंगी भुकटी उमटते, ती न्यूरोस्पोरा नावाची बुरशी. तिचे बीजाणू आगीच्या धगीने मरण्याऐवजी जागे होतात, आणि प्रतिस्पर्धी जळून गेलेले असल्यामुळे तिला रान मोकळे मिळते. हिच्यावरील प्रयोगांनी बीडल आणि टेटम यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले, हे आपल्या ट्रेमध्ये ती अवतरली असता फारसे सांत्वन करीत नाही.

साठ अंश उष्णता मिळवावयास होटगीकरास वाफेच्या यंत्राची गरज नाही, कारण मे महिना ती फुकट देतो. इस्रायलमधील काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून सूर्यतापनाची ही रीत जगभर गेली: ओली जमीन पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावी आणि उन्हाने तापू द्यावी. कुंडीच्या माध्यमासाठी ती अधिकच सोयीची. भुसकट ओलसर करून पारदर्शक पिशवीत वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर होईल असे भरावे, तोंड बांधावे, ती गच्चीवर विटांवर आडवी ठेवावी, आणि शक्य तर वरून पारदर्शक कागदाचे दुसरे आवरण असे घालावे की दोहोंमध्ये हवेची पोकळी राहील. कॅलिफोर्नियात अशा दुहेरी आवरणाखाली माध्यम सत्तर अंशांवर अर्धा तास किंवा साठ अंशांवर तासभर राहिले तर ते रोपवाटिकांसाठी पुरेसे मानले जाते. ज्याच्याजवळ तापमापक नाही त्याने चार ते सहा आठवडे पिशवी तशीच राहू द्यावी. दोन गोष्टींत मात्र कसूर करू नये. पिशवी काळी नसावी, कारण काळा कागद स्वतः तापतो पण ऊन आत जाऊ देत नाही. आणि भुसकट कोरडे नसावे, कारण कोरड्या अवस्थेत झोपलेला बीजाणू जी धग सहज सोसतो, ती ओलाव्यात जागा झालेल्या बीजाणूला सोसत नाही.

थंड झालेल्या माध्यमात मग मुद्दाम एक बुरशी सोडावी, आणि हा या सर्व प्रकरणातील मला सर्वांत मौजेचा वाटणारा भाग. ट्रायकोडर्मा हे नाव आज कृषिसेवा केंद्रांतून शेतकऱ्यांच्या तोंडी बसले आहे. पण ही हिरवट बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांना खाऊन टाकते, हे १९३२ मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिले तेव्हा ते आश्चर्यच होते. चोराच्या हाती किल्ली देऊन त्याला कोतवाल नेमण्याची जी तजवीज जुन्या राज्यकर्त्यांनी कित्येक मुलखांत केली, तिचाच हा प्रकार. केगावच्या केंद्रातील संशोधनातही डाळिंबाच्या मुळांभोवतीच्या मातीतून मिळालेली पेनिसिलियम कुळातील एक बुरशी पालाश विरघळवून झाडास उपलब्ध करून देणारी आढळली, आणि ऊतिसंवर्धित रोपे प्रयोगशाळेतून बाहेर काढताना त्यांच्या मुळांशी मित्रबुरशी जोडून देण्याचे प्रयोग तेथे झाले आहेत. म्हणजे बुरशीचा बंदोबस्त हा अखेर बुरशीकडूनच करून घ्यावा लागतो. तेव्हा ट्रेच्या पृष्ठभागावर हिरवट ठिपके दिसताच हातपाय गाळू नयेत. कदाचित आपण नेमलेला कोतवालच गस्तीस बाहेर पडला असेल.

रसायनांविषयी थोडक्यात. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण, जे फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षांसाठी पुढे आणले आणि जे आपल्या डाळिंब-द्राक्ष बागाइतदारांच्या घरोघरी पोहोचले, ते आईझाडावर आणि रोपवाटिकेच्या स्वच्छतेसाठी उपयुक्त आहेच. कार्बेन्डाझिमच्या द्रावणात काड्या बुडविण्याची पद्धतही सर्वत्र आहे. तीत चूक नाही, पण त्या औषधाचा अंमल खऱ्या बुरशींपुरता चालतो. पिथियमवर त्याची हुकमत नाही, आणि म्हणूनच औषध लावूनही काड्या सडल्या अशी तक्रार ऐकू येते. दुसरे असे की सकाळी कार्बेन्डाझिम आणि संध्याकाळी ट्रायकोडर्मा देणारा मनुष्य स्वतःच नेमलेल्या कोतवालास स्वतःच विष घालतो. दोहोंत किमान पंधरा दिवसांचे अंतर असावे. घरगुती उपायांत दालचिनीची पूड बरीच प्रसिद्ध आहे. दालचिनीतील तेलात बुरशीला अटकाव करणारे द्रव्य खरोखरच असते, आणि ताज्या छेदावर चिमूटभर पूड लावल्याने हानी नाही. परंतु चिंब ट्रेमध्ये दालचिनी भुरभुरणे म्हणजे पूर आलेल्या घरात उदबत्ती लावणे होय. हळदीचेही तेच.

काडी निवडणे हा खरा पहिला पहारा. डाळिंबाची काडी निरोगी, तेल्याचा डाग कधीही न पडलेल्या झाडाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर किंवा किंचित अधिक लांबीची, आणि झाड ताणावर असताना म्हणजे थंडीत पानगळ झाल्यावर घेतलेली असावी. त्या वेळी तिच्या पोटी पिष्टाची शिदोरी भरलेली असते आणि सडावयास पानेच नसतात. श्रावणात छाटण्याचा माझा मुहूर्त पंचांगाप्रमाणे उत्तम आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे अत्यंत वाईट होता. कात्री प्रत्येक झाडागणिक स्पिरिटने पुसावी. जुने ट्रे वापरावयाचे तर आधी घासून, मग घरगुती ब्लीचच्या एकास नऊ प्रमाणात पाणी मिसळलेल्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुवावेत. या ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मुळे फुटण्याची पावडर, जिच्यातील इंडोल ब्युटिरिक आम्लाचा हा गुण १९३५ पासून ज्ञात आहे, ती डबीतून थोडी कागदावर काढून घ्यावी आणि काडी त्या कागदावर टेकवावी. डबीतच काडी बुडविली तर एका रोगट काडीची बाधा साऱ्या डबीस लागते. पावडर अधिक लावल्याने मुळे अधिक फुटत नाहीत. जादा भुकटी झटकून टाकावी. गुलाब-जास्वंदीसारख्या पानांसह लावावयाच्या काड्यांची खालची पाने काढून टाकावीत आणि वरचे एकही पान माध्यमास टेकू देऊ नये. गळलेले पान ज्या दिवशी गळेल त्याच दिवशी उचलावे.

आवरण घालणे चूक नव्हे, ते अखंड ठेवणे चूक. मुळे नसलेल्या काडीला पानांतून उडणारे पाणी परवडत नाही, म्हणून हवेत दमटपणा हवा. पण तो हवेत हवा, पानांवर थेंबांच्या रूपाने रात्रभर बसलेला नको. पानांवरील पाण्याचा पातळ थर कित्येक तास टिकला की बीजाणू रुजतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ आवरण काढून पंख्याने वारा घालावा तसे हलवावे, कागदावरचे थेंब झटकावेत, आणि पाणी द्यावयाचे ते सकाळीच, माध्यमाचा वरचा पापुद्रा किंचित फिका पडलेला दिसल्यावर. पावसाळ्यात आमच्याकडची हवाही जेव्हा ओलीगच्च असते तेव्हा आवरणाची गरजच नसते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यावयास एक श्रावण खर्ची पडला. वरचा पापुद्रा सुकू दिल्याचा आणखी एक लाभ असा की ओल्या भुसकटावर घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटे तेथे अंडी घालीत नाहीत. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात आणि पिथियमचा प्रसारही करतात.

पाण्याचा लोभ सोडून देणे म्हणजे काय, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने सांगोल्याकडच्या माळरानांवर अलीकडे खांबांवर चढू लागलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागाइतदाराकडे जावे. तो निवडुंगाच्या कुळातील तो तुकडा कापल्याबरोबर लावीत नाही. पाच-सात दिवस सावलीत नुसता पडू देतो, छेदावर कोरडी खपली धरू देतो, आणि मगच जमिनीत खोवतो. त्या खपलीतून बुरशीस वाट मिळत नाही. डाळिंबाच्या काडीला इतका उपवास सोसणार नाही, तिला तो करवू नये; पण त्या बागाइतदाराचा हात जेव्हा पाण्याच्या झारीकडे न जाता मागे राहतो, तेव्हा त्यातील संयम शिकण्यासारखा असतो.

एवढे करूनही बुरशी दिसलीच तर काय? पृष्ठभागावर पांढरा कापूस असेल आणि काड्या टणक असतील, तर चमच्याने तो थर काढून टाकावा, आवरण उघडे करावे, दोन दिवस पाणी तोडावे. बहुधा प्रकरण तेथेच निकालात निघते. काडीचे बूड मऊ किंवा काळे झाले असेल तर ती काडी वाचविण्याच्या भरीस पडू नये. तिच्याभोवतीच्या मूठभर माध्यमासह ती काढून ट्रेपासून दूर टाकावी, आणि हात धुतल्याशिवाय शेजारच्या काडीस शिवू नये. आणि मुळे फुटली की नाहीत हे पाहण्यासाठी दर दोन दिवसांनी काडी उपटून बघण्याची जी अनावर इच्छा होते तिला आवर घालावा, कारण प्रत्येक वेळी ताजी जखम होते. काडी हलकेच ओढली असता तिने किंचित विरोध केला, म्हणजे मूळ धरले.

हा अंक हाती येईल तेव्हा उन्हाळा फार दूर नसेल. एक पारदर्शक पिशवी, धुतलेले ओलसर भुसकट आणि गच्चीचा कोपरा एवढीच सामग्री लागते; एप्रिलच्या अखेरीस पिशवी उन्हात घालावी, आणि मृगाची पहिली सर येण्यापूर्वी ती आठवणीने सावलीत उचलून आणावी.